वंगण विसरलेला इतिहास

१/ यवतमाळच्या फुलसावंगीपासून मुंबईपर्यंत आठवीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास १८५७ च्या काडतुसांची चरबी ठाऊक असते. १९०९ च्या नाशिकच्या पिस्तुलातील तेलाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. शस्त्राची आरती ओवाळणारा, पण त्याची यंत्ररचना न पाहणारा इतिहास अर्धवटच होय.

२/ २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकास आलेल्या जॅक्सन या कलेक्टरवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या शस्त्रास सर्रास ‘रिव्हॉल्व्हर’ म्हटले जाते. ते साफ चूक आहे. ते ब्राउनिंगचे अर्धस्वयंचलित पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या २० पिस्तुलांपैकी एक.

३/ शब्दाने काय बिघडते, असे विचारले जाईल. बरेच बिघडते. रिव्हॉल्व्हरचे चक्र बोटाच्या बळाने फिरते. एक काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. पिस्तुलाची स्लाइड मात्र गोळीच्याच धक्क्याने मागे जाते, रिकामे टरफल फेकते व परतताना नवे काडतूस चढवते. घर्षण वाढले की ती मध्येच अडकते. मग हाताने ओढल्यावाचून दुसरी गोळी नाही.

४/ म्हणून वंगण हा किरकोळ तपशील नव्हे. स्लाइड जेथे सांगाड्यावर घासते, त्या खाचांत तेलाचा पातळ थर पुरतो. ‘जितके तेल तितके बरे’ ही समजूत खोटी आहे. जादा तेलात धूळ आणि काजळी कालवून चिकटा होतो; तेल प्रायमरपर्यंत झिरपले तर काडतूस निकामी होऊ शकते. शिवाय त्या काळच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरे. तो ओल शोषून पोलाद गंजवी. तेलात तो विरघळत नाही. आधी पाण्याने धुणे, कोरडे पुसणे, मगच तेल, हाच क्रम.

५/ पिस्तुले आली १९०९ च्या पूर्वार्धात, गोळ्या झाडल्या गेल्या डिसेंबरात. मध्ये आख्खा पावसाळा गेला. ती कोठे दडवली, कोणी पुसली, सरावानंतर नळी कोणी धुतली, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. ते विचारल्याने १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांचे धैर्य उणावत नाही. उलट, त्या धैर्यामागील शिस्त प्रथमच दिसू लागते. नुसत्या जयघोषाने ती दिसत नाही.