गच्चीवरचे ऊन आणि दादांच्या नावाचे बिल

सोलापूरकरांना उन्हाचे काय नवल! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. त्या गच्चीवर आम्ही आजवर पापड वाळवले, शेवया वाळवल्या. यंदा त्याच उन्हावर वीज तयार करायचे घरात ठरले.

हिशेब सोपा आहे. 1 किलोवॅटच्या पॅनेलला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि महिन्याला सरासरी 120 युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे हवे, पाण्याच्या टाकीची सावली पडता कामा नये. दिवसा उरलेली वीज महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. मात्र बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर हे पॅनेलही वीज देत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. ते पॅनेल बसवून तपासणी झाल्यावर खात्यात येते, म्हणून आधी पैसे आपणच उभे करायचे.

आम्ही अर्ज भरायला बसलो आणि अडलो. अर्ज ज्याच्या नावाचे बिल त्यानेच करायचा, आणि आमचे बिल दादांच्या नावावर! त्यांचा इंतकाल होऊन 19 वर्षे झाली. नाव बदलायचे तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात.

अब्बांनी बार्शीच्या फुफींना बोलावले. फुफी म्हणाल्या, "भाईजान, सही आत्ता करते. पण ही गच्ची कोणाची, हे कधी कागदावर येणार?"

घरात कोणी बोलेना. दोन भाऊ, दोन बहिणी. सहा हिश्श्यांतला एकेक हिस्सा दोन्ही फुफींचा. हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. मदरशात शिकलो, शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवतो. फक्त 19 वर्षे कोणी विषय काढला नाही. फुफींनी मागितले नाही, म्हणजे त्यांनी सोडून दिले, असे आम्हीच धरून चाललो.

अब्बा थोड्या वेळाने म्हणाले, "आधी तुझा हक्क, मग सोलर."

आता वकिलाकडे वाटणीचे कागद तयार होत आहेत. या उन्हाळ्यात पॅनेल बसणार नाहीत. चाचांना उशिराची थोडी नाराजी आहे, पण कागदावर त्यांनीही सही केली.

तुमच्या घरीही सोलरचा विचार चालू असेल, तर कोटेशन मागवण्याआधी विजेचे बिल काढून त्यावरचे नाव वाचा. ते नाव मरहूम बुजुर्गांचे असेल, तर पहिला फोन बहिणींना करा.