कच्चे फळ तोडू नये

दहावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर या शहरांचे रूपच पालटते. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या बिदर-भालकीतूनही पालक मुलांना घेऊन येथे उतरतात. खोलीची अनामत, डब्याची सोय आणि शेवटी शिकवणी वर्गाचे शुल्क, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. शुल्काच्या पावतीवर तळाशी वस्तू व सेवा कराचा वेगळा आकडा असतो : १८ टक्के. एक लाख रुपये शुल्क असेल, तर कराचे १८ हजार. सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या घराला हा आकडा किती जड जातो, हे निराळे सांगायला नको.

हा कर एका दिवसात आलेला नाही. सेवा कराचा प्रारंभ १ जुलै १९९४ रोजी झाला. दर होता ५ टक्के आणि सेवा होत्या तीनच : दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. ज्या ‘लातूर पॅटर्न’चा पुढे महाराष्ट्रभर बोलबाला झाला, तो अशा महाविद्यालयांच्या वर्गांतच घडला. जादा तास, सराव परीक्षा आणि विद्यार्थ्यामागे लागलेले प्राध्यापक हेच त्याचे भांडवल होते.

पुढे हे अध्यापन महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर, खासगी वर्गांकडे सरकत गेले आणि कर त्याच्या मागोमाग गेला. १ जुलै २००३ पासून ‘व्यावसायिक प्रशिक्षण व शिकवणी’ सेवा कराच्या कक्षेत आली. तेव्हा दर ८ टक्के होता. २००६ मध्ये तो १२ टक्के, २०१५ मध्ये १४ टक्के झाला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर थेट १८ टक्क्यांवर गेला. या काळात दिल्लीत सरकारे बदलली, अर्थमंत्री बदलले. मधल्या काळात दर थोडा उतरलाही, पण एकूण दिशा चढतीच राहिली. म्हणूनच हा दोष एका पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

या प्रवासातील विसंगती मात्र विचार करायला लावणारी आहे. २००४ पासून या करावर २ टक्के शिक्षण उपकर बसला. म्हणजे शिक्षणासाठी पैसा हवा म्हणून शिकणाऱ्याकडूनच जादा वसुली! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जूनपासून, सेवांवर अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर लागू झाला. दुष्काळाने पोळलेल्या शेतकऱ्याने मुलाच्या शिकवणीवर शेतकऱ्याच्याच कल्याणाचा उपकर भरला. हेतू चांगला असला तरी भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे न पाहिल्याने असे घडते.

कायद्याच्या अस्थिरतेचाही त्रास झाला. धर्मादाय न्यास वा संस्थेने नफ्याचा हेतू न ठेवता चालवलेला वर्ग ‘व्यावसायिक’ म्हणावा काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१० च्या वित्त कायद्याने तो मिटवला, पण तोही पूर्वलक्षी प्रभावाने : २००३ पासूनच असे वर्ग करपात्र मानले गेले. सात वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्याकडून आज कर कसा मागायचा? उत्पादन शुल्क आणि सेवा कराचे जुने तंटे निकाली काढण्यासाठी अखेर २०१९ साली ‘सबका विश्वास’ योजना आणावी लागली. कायदा संदिग्ध असला की न्यायालये भरतात, तिजोरी भरत नाही.

दुसरी बाजूही आहे. मोठे शिकवणी वर्ग हा आज भरभराटीचा व्यवसाय आहे आणि व्यवसायाने कर भरलाच पाहिजे. लहान शिक्षकाला सवलतही आहे. वार्षिक २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही आणि ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांचा सोपा पर्याय २०१९ पासून उपलब्ध आहे. पण अप्रत्यक्ष कर वर्गचालक भरत नाही, तो केवळ जमा करतो. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. पालक साखळीतील शेवटचा, त्याला वजावट कसली? शिवाय १८ टक्क्यांचा दर ‘पावती नको, रोख द्या’ या व्यवहाराला आमंत्रण देतो. त्यात प्रामाणिक वर्गचालक महाग ठरतो आणि पालक नकळत करचुकवेगिरीचा भागीदार होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना झाली. वह्या, पेन्सिली आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा करमुक्त झाले, हे स्वागतार्हच. शिकवणी मात्र १८ टक्क्यांवरच राहिली. वही करमुक्त आणि वहीत लिहायला शिकवणारा करपात्र, हा भेद कसा पटावा? बारावीपर्यंतच्या व प्रवेश परीक्षांच्या शिकवणीला ५ टक्क्यांच्या दरात आणण्याचा विचार वस्तू व सेवा कर परिषदेने करायला हवा. महाराष्ट्राचे अर्थमंत्री या परिषदेचे सदस्य असतात. मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय त्यांच्यामार्फत तेथे न्यावा.

तथापि खरा उपाय करदराच्या पलीकडचा आहे. महाविद्यालयातील वर्ग पुन्हा भरले, प्राध्यापक पुन्हा विद्यार्थ्यामागे लागले, तर शिकवणीची गरजच कमी होईल. मान्यताप्राप्त महाविद्यालयाच्या शुल्कावर कर नाहीच. समाजाने तेवढा आग्रह धरावा आणि तोवर प्रत्येक पालकाने पावती मागूनच पैसे द्यावेत.

कौटिल्याने राजाला बागेतील फळांचा दाखला दिला आहे : पिकलेले घ्यावे, कच्चे टाळावे. नांदेड-लातूरच्या भाड्याच्या खोल्यांत रात्री अभ्यास करणारी मुले ही अजून पिकायची फळे आहेत. उद्या ती डॉक्टर, अभियंते, उद्योजक होतील आणि राष्ट्राच्या तिजोरीत आयुष्यभर भर घालतील. तेवढा धीर राज्यकर्त्यांनी धरावा.