विक्रीचा आकडा आणि सायकलवरची माणसे

३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा तो चालू असलेला शेवटचा कारखाना होता. मालनपूर आणि सोनीपत इथले कारखाने त्याआधीच बंद पडले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या दुकानांत मात्र गिअरच्या सायकलींसाठी नावे नोंदवून थांबावे लागत होते. टाळेबंदीमुळे व्यायामशाळांना कुलपे होती, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या, रस्ते मोकळे होते आणि मध्यमवर्गीय घरांतून सायकलला एकाएकी मागणी आली होती. मोठी कंपनी पैशाअभावी बंद पडते आणि त्याच काळात गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभे असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. कारण ही दोन गिऱ्हाइके निराळी आहेत. अ‍ॅटलस वाढली ती काळी सायकल घेणाऱ्या कामगाराच्या, शेतकऱ्याच्या, दूधवाल्याच्या जोरावर. २०२० मध्ये दुकानापुढे उभा असलेला माणूस त्यांच्यातला नव्हता.

ती लाट दोनेक वर्षांत ओसरली. मागणी अशीच राहील म्हणून भरलेला माल दुकानांत पडून राहिला. युरोप-अमेरिकेतही हेच झाले आणि गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानोसारख्या कंपनीची विक्री २०२३ मध्ये झपाट्याने उतरली. तेव्हापासून ‘सायकलची विक्री घटली’ हे वाक्य वारंवार कानावर येते, आणि त्यापाठोपाठ लोकांनी सायकल सोडल्याचा निष्कर्षही येतो. हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि त्यावर बेतलेले उपाय चुकीच्या माणसापर्यंत पोहोचतात.

विक्रीच्या आकड्यात काय असते ते आधी पाहू. चीनच्या खालोखाल सायकली बनवणारा देश भारत आहे, आणि इथल्या उत्पादनाचे केंद्र लुधियाना. तिथून निघणाऱ्या सायकलींचा मोठा हिस्सा दुकानात येतच नाही. राज्य सरकारे शाळकरी मुलांसाठी निविदा काढतात, त्यात तो जातो. एखाद्या मोठ्या राज्याची निविदा लांबली की त्या वर्षीचा आकडा खाली येतो. सायकल चालवणाऱ्यांत त्याने काहीच फरक पडलेला नसतो. उलट, गवंडीकाम करणारा मजूर जी सायकल घेतो ती बहुधा जुनी असते, तिची कुठेही नोंद होत नाही. चांगली काळी सायकल टायर-ट्यूब आणि चेन बदलत वीस वर्षे सहज चालते, म्हणजे ती रोज वापरणारा माणूस वीस वर्षे कुठल्याच विक्रीत दिसत नाही. आणि टाळेबंदीत विकल्या गेलेल्या, आज बाल्कनीत हवा जाऊन उभ्या असलेल्या सायकली मात्र विक्रीत दिमाखाने दिसल्या होत्या. विक्री आणि वापर या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या शहरांचे नियोजन दुसरीशी निगडित असायला हवे.

वापराविषयी जनगणना काही सांगते. २००१ मध्ये देशातल्या ४३.७ टक्के घरांत सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के. म्हणजे घरटी प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिले. याच दहा वर्षांत मोटारसायकल वा स्कूटर असलेली घरे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी १३ टक्के लोक, म्हणजे २.६ कोटी माणसे, २०११ मध्ये सायकलने कामावर जात होती. मोटारसायकल-स्कूटरने जाणारेही जवळपास तेवढेच होते. रस्त्यांच्या चर्चेत मात्र या दोघांना मिळणारी जागा सारखी कधीच नव्हती.

या कामावर जाणाऱ्या माणसाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सायकलविषयीच्या लेखनातून तोच सर्वांत आधी गळतो. त्याची काळी सायकल जड असते, पण तिचे कॅरिअर दोन दुधाच्या किटल्या किंवा गॅसची टाकी पेलते, पुढच्या दांडीवर मूल बसते, चेनकव्हर असल्याने पायजमा अडकत नाही, मडगार्डमुळे पावसात पाठ चिखलाने भरत नाही, आणि पंक्चर काढायला दहा-वीस रुपयांत माणूस मिळतो. ही सगळी वैशिष्ट्ये एका विशिष्ट आयुष्याला धरून आहेत. सायकलच्या धंद्यात या काळ्या सायकलीला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. गेल्या तीस वर्षांत कंपन्यांचे लक्ष ‘फॅन्सी’ सायकलीकडे वळले. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, भडक रंग. कॅरिअर नाही, मडगार्ड नावापुरते, आणि शॉकअपचे वजन पेडल मारणाऱ्याच्या मांड्यांवर. डोंगर उतरण्यासाठी केलेल्या सायकलची ही नक्कल सोलापूरच्या सपाट रस्त्यावर कामाला जाणाऱ्याला कशासाठी हवी? त्याला हलकी, मजबूत, ओझे नेणारी आणि पाच-सहा हजारांत मिळणारी सायकल हवी आहे. ती बनवण्यात कोणाला फारसा रस उरलेला नाही, कारण तिच्यात नफा थोडा.

तरीही दोष सगळा कंपन्यांवर टाकता येत नाही. या माणसाने सायकल सोडली त्याची कारणे त्याच्या जगण्यात आहेत. पुण्याचेच पाहा. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातच सायकलला पर्याय देणारी वाहने तयार झाली. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली आणि त्याच वर्षी बजाजची चेतक आली. लुनाला तर पेडलही होते. सायकलवरून थेट तिच्यावर बसायला काही शिकावे लागत नव्हते. पंजाबात हाच प्रवास एका घरात झाला. १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकल्स सुरू करणाऱ्या मुंजाल कुटुंबाने १९८५ मध्ये हीरो होंडाची मोटारसायकल बाजारात आणली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सायकल कारखान्याचे नाव जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनीज बुकात गेले.

मग अंतरे वाढली. कारखाने पिंपरी-चिंचवडहून चाकण, रांजणगावकडे सरकले, कामगाराला परवडणारे घर दुसऱ्याच टोकाला गेले, आणि पाच किलोमीटरचे अंतर वीस झाले. वीस किलोमीटर जाऊन आठ तास यंत्रावर उभे राहायचे आणि पुन्हा वीस किलोमीटर पेडल मारत परत यायचे, हे कोणाकडून अपेक्षू नये. मोटारसायकलला हप्त्याने कर्ज मिळते. सायकल मात्र रोख घ्यावी लागते. जुनी मोटारसायकल पंधरा-वीस हजारांत येते. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाकडे गाडी आहे का हे गावोगाव विचारले जाते. आणि रस्त्यावरची भीती खरी आहे: देशात दरवर्षी चार हजारांहून अधिक सायकलस्वार अपघातांत मरतात. ज्याने ऐपत येताच सायकल सोडली त्याने शहाणपणाचाच निर्णय घेतला. त्याला पर्यावरणाचे धडे देणे अन्यायाचे आहे.

पण सर्वांना सोडता आलेली नाही. इमारतींचे रखवालदार, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग कामगार, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, गोव्यात पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर, यांचे पोट आजही सायकलवर चालते. ही माणसे रात्रपाळीला जातात, अंधारात, दिव्याशिवाय. पहाटेच्या आणि रात्रीच्या रस्त्यावर ती आहेत, फक्त त्या वेळी त्यांना पाहणारा अधिकारी रस्त्यावर नसतो.

शाळकरी मुलगी ही सर्वस्वी वेगळी सायकलस्वार. तिच्या बाबतीत सायकलचे मोल मोजले गेले आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जिथे हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होते, तिथे परिणाम अधिक होता. शिवाय मुली घोळक्याने निघू लागल्या आणि एकटीला वाटणारी धास्ती कमी झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. पैसे देण्याची ही पद्धत आम्हाला अधिक योग्य वाटते, कारण तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या उंचीची सायकल स्वतः निवडता येते. निविदेतून एकाच मापाच्या हजारो सायकली येतात, तेव्हा अनेकींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पण सायकल दिली की काम संपले असे शासनाला वाटते. पुढच्या वर्षी टायर फाटते, चेन गंजते, आणि गावात सायकल दुरुस्त करणारा उरलेला नसतो, कारण तो आता मोटारसायकलींचे पंक्चर काढतो. दुरुस्तीसाठी वर्षाला थोडी रक्कम आणि शाळेत एक हवेचा पंप, एवढ्याने या योजनेचे आयुष्य वाढेल.

तिसरा गट हौशी आणि क्रीडापटू सायकलस्वारांचा. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला मोठा हुरूप आला. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्या आता अनेक शहरांतून निघतात. या मंडळींना अरुंद टायरला सोसेल असा डांबरी काठ, घाटात संयमाने ओलांडणारे ट्रकचालक आणि नीट मिळणारे सुटे भाग हवेत. ही मागणी रास्त आहे. पन्नास हजारांची सायकल घेणाऱ्या या वर्गाकडे माध्यमांचे, दुकानांचे आणि महापालिकांचे लक्षही लगेच जाते. रविवारी सकाळी फेरी निघते, महापौर झेंडा दाखवतात, छायाचित्र छापून येते. सोमवारी सकाळी सात वाजता त्याच रस्त्याने पहिल्या पाळीला जाणारा सायकलस्वार कुठल्याच छायाचित्रात नसतो.

आपले सायकल मार्ग फसले ते इथेच. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच पादचारी आणि सायकलस्वारांना प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले. पुणे महापालिकेने २०१७ च्या अखेरीस स्वतंत्र सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. बांधलेले मार्ग आजही आहेत. पेव्हर ब्लॉकचे, पदपथावर चढवलेले, चौकाजवळ नाहीसे होणारे, मध्येच विजेच्या डीपीला किंवा पार्क केलेल्या गाड्यांना जाऊन भिडणारे. सायकलस्वाराचा जीव ज्या चौकात सर्वाधिक धोक्यात असतो, तिथेच मार्ग संपतो. तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या क्रीडापटूला पेव्हर ब्लॉक नको असतात, किटल्या लादलेल्या दूधवाल्याला पदपथाचा चढ-उतार झेपत नाही, आणि मुलीला एकट्याने जायला मार्गावर दिवा लागतो. हे तिघेही मग डांबरी रस्त्यावर उतरतात, आणि ‘मार्ग बांधले तरी लोक वापरत नाहीत’ असा शेरा फायलीत जातो.

करांच्या बाबतीतही हीच गल्लत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वागतार्ह निर्णय, आणि उशिरा आलेला. पण त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सहा हजारांच्या सायकलवर सुमारे पावणेचारशे रुपये वाचले, नव्वद हजारांच्या मोटारसायकलवर सुमारे सात हजार. कामगाराच्या हिशेबात सायकल होती तिथेच राहिली. बॅटरीवरच्या सायकलींनी दहा-बारा किलोमीटरचे अंतर पुन्हा आवाक्यात येऊ शकते, चढाच्या गावांत तर नक्कीच. त्यासाठी कर्ज मात्र मोटारसायकलसारखे सहज मिळायला हवे. बँका आणि पतसंस्थांनी हे मनावर घेतले तर अशक्य काही नाही.

सायकल उद्योगाने विक्रीचे आकडे जरूर मोजावेत. तो त्याचा व्यवसाय आहे. महापालिकांनी मात्र सायकलस्वार मोजावेत, तेही पाळी सुटण्याच्या, शाळा भरण्याच्या आणि पहाटेच्या वेळी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेने येत्या अर्थसंकल्पाआधी अशी एक मोजणी औद्योगिक वसाहतींच्या रस्त्यांवर, कामगार वस्त्यांच्या तोंडाशी आणि हायस्कुलांच्या दारात करावी, आणि सायकलसाठी राखलेला निधी त्या मोजणीत जिथे सर्वाधिक माणसे दिसतील तिथल्या चौकांवर, दिव्यांवर आणि रस्त्याच्या काठावर आधी खर्च करावा. रविवारच्या फेऱ्यांसाठी वेगळी तरतूद करायला आमची हरकत नाही, पण ती त्यानंतर.