हप्त्याची गाडी आणि थांब्यावरची रांग



पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी आमच्या चाळीतले एक गृहस्थ पत्नीसह आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा. लोअर परळला एका दुकानात नुकताच कामाला लागला आहे. त्याने मोटारसायकलचा हट्ट धरला होता. "महिन्याला साडेतीन हजार हप्ता. जरा समजवा त्याला, तुमचं ऐकेल," गृहस्थ म्हणाले. माउलीचे म्हणणे वेगळेच. "पैशाचं राहू द्या हो. रात्री-अपरात्री येणार, रस्ते हे असे. मला झोप लागायची नाही."

आम्ही मुलाला बोलावले. कर्ज काढून हौस करू नये, हे आमचे नेहमीचे भाषण तयारच होते. पण पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. बस गर्दीत अडकून पडते. मी काय करू, सांगा."

आमचे भाषण तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम बसने डॉ. आंबेडकर रस्त्याने लालबागहून दादरला निघालो. खिडकीशी बसून मोजत होतो. एका सिग्नलला बसच्या पुढे ११ मोटारी उभ्या होत्या. त्यांपैकी ८ मोटारींत एकटा माणूस. सगळ्या मिळून माणसे १५. आमच्या बसमध्ये बसलेली आणि उभी धरून साठाच्या आसपास. बसने रस्ता अडवला होता जेमतेम तीन मोटारींएवढा. लोक म्हणतात, मुंबईत माणसे फार झाली म्हणून रस्ते तुंबले. आमच्या हिशेबाने त्या सिग्नलला माणसांपेक्षा रिकाम्या सीटांचीच गर्दी जास्त होती. आणि १५ माणसांपायी ६० माणसे खोळंबली होती.

डोक्यावर लालबागचा उड्डाणपूल होता. २०११ साली तो सुरू झाला. त्यावरून मोटारी सुसाट जातात. बसला मात्र थांबे घेत खालूनच जावे लागते, कारण आपली माणसे खाली उभी असतात. २०२४ पासून समुद्राकाठचा कोस्टल रोड टप्प्याटप्प्याने खुला झाला. १२ हजार कोटींच्या वर खर्च झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आमच्या या मुलाने कर्ज काढून गाडी घेतली, तरी तो रस्ता त्याचा नाहीच.

आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, याच भागातून दादरपर्यंत ट्राम धावत होती. दादर टी.टी. हे नाव त्याच काळातले. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि मोटारबस १९२६ साली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम गेली, पण बस होती. गिरणीची पाळी, शाळा, दवाखाना, सगळे त्या बसवर चालले. २०१० च्या सुमारास 'बेस्ट'कडे ४ हजारांवर गाड्या होत्या. २०२५ मध्ये भाड्याच्या गाड्या धरूनही तो आकडा ३ हजारांच्या आत आला. माणसे वाढली, आणि बस कमी झाल्या.

आता भाड्याचे पाहू. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केले, तेव्हा प्रवासी बसकडे परत वळले. बस स्वस्त असली की लोक बसने जातात, हे तेव्हा सिद्ध झाले. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले. त्या मुलाची आई दोन घरी धुणीभांडी करते. जाताना दोन बस, येताना दोन. महिन्याचे २६ दिवस धरले, तर पूर्वी ५२० रुपये लागत, आता १,०४० लागतात. एका घरचा एक आठवड्याचा पगार बसमध्येच जातो.

तोटा होतो म्हणून भाडे वाढवले, असे सांगतात. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. पण पुलाला कोणी विचारते का, तू नफ्यात आहेस की तोट्यात?

यावर उपाय नाही असे नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ साली बसला रस्त्यात स्वतःची वेगळी वाट दिली. कोलंबियाच्या बोगोटा शहराने २००० साली तेच केले. आपल्याकडे पुण्याने २००६ साली सुरुवात केली, पण मोटारी त्या वाटेत शिरू लागल्या, थांब्यापर्यंत रस्ता ओलांडणे जिवावरचे झाले आणि लोकांचे मन विटले. अहमदाबादने २००९ साली जास्त तयारीने केले. नुसता पट्टा आखून भागत नाही, तो राखावा लागतो, हा त्यातला धडा. रस्त्याची जागा वाहने मोजून न वाटता माणसे मोजून वाटावी, हे केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातच लिहिलेले आहे. आपण नवे काही मागत नाही.

मग करायचे काय? वस्तीतल्या महिला मंडळाने एवढे करावे. सलग तीन दिवस सकाळी एक तास थांब्यावर वही घेऊन उभे राहावे. बस क्रमांक, आल्याची वेळ, रांगेतली माणसे, जागा न मिळाल्याने मागे राहिलेली माणसे लिहावी. त्या आकड्यांसह अर्ज करावा, खाली सह्या घ्याव्या. एक प्रत आगार व्यवस्थापकाला, एक वाहतूक पोलिसांना, एक नगरसेवकाला. आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारावे. तोंडी तक्रार हवेत जाते, वहीतला आकडा खोडता येत नाही.

त्या मुलाने गाडी घेतलीच. अशोक विजयादशमीला ती दारात आली. आम्ही त्याला दोष दिला नाही. हेल्मेटशिवाय निघायचे नाही, एवढे मात्र वदवून घेतले. पण त्या घरात माणसे पाच. आई पहाटे कामाला जाते, आजी दर महिन्याला दवाखान्यात, बहीण कॉलेजात, वडील डॉकयार्डला. गाडीवर जातो एकटा, बाकी चौघे अजून थांब्यावर उभे आहेत.

आमच्या चाळीचा अर्ज तयार झाला आहे. पहिली सही त्या माउलीची आहे. दुसरी त्या मुलाने स्वतः येऊन केली.