बुद्धाला तेल कशाला?

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की गांधीबागेतल्या आमच्या घरी एक वाद हमखास होतो. घरातल्या लाकडी बुद्धमूर्तीला तेल लावायचे की नाही? सूनबाई म्हणतात लावावे, मूर्ती उजळते. मी नको म्हणतो. या नकारामागे माझाच एक जुना गुन्हा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबांनी धम्मदीक्षा घेतली. घरात मूर्ती हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. पण तेव्हा ती बाजारात सहज मिळत नसे. बाबा कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. तिथल्या ओळखीच्या एका सुताराला त्यांनी छापील तसबीर दाखवली आणि त्याने सागाच्या ओंडक्यातून हातभर उंचीचा बुद्ध कोरला. डोळे जरासे विठोबासारखे उतरले आहेत. त्या हाताला तेवढेच ठाऊक होते!

१९९४ च्या मे महिन्यात या मूर्तीला मानेपासून छातीपर्यंत भेग गेली. मूर्ती कूलरच्या झोतासमोर होती. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बाहेरची हवा ठणठणीत कोरडी. दिवसभर एका अंगाने ओला वारा आणि कूलर बंद केला की पुन्हा कोरड. तोडलेले लाकूडही हवेतली ओल शोषते आणि सोडते. ओलीने फुगते, सुकताना आकसते, तेही लांबीत कमी आणि रुंदीत जास्त. अखंड ओंडक्यात वरचा थर आतल्या गाभ्याआधी सुकतो आणि फाटतो.

मी शहाणपणा केला. भेगेत लांबी भरली, वरून सोनेरी ऑइलपेंट फासला. जुलैत लाकूड फुगले. कडक लांबी दबेना, तेव्हा तिच्या कडेचे लाकूडच चिरडले. पुढच्या उन्हाळ्यात भेग आणखी रुंद. मग रंग काढायला थिनर आणि काचकागद घेतला. रंग गेला, आणि चेहऱ्यावरच्या पटाशीच्या बारीक खुणाही गेल्या. बाबा तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत, हे जास्त लागले.

आज विहाराविहारांत वर्धापनदिनाआधी मूर्ती ‘रंगवून घेण्याची’ घाई दिसते. सिमेंटच्या मूर्तीला ते खपून जाते, लाकडाला नाही. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमधली मूर्ती चंदनाची आहे, आमची सागाची. ओल आणि कोरड यांचा नियम दोघींना एकच. कोणी मला ऐकवतो, बुद्धानेच सारे अनित्य म्हटले, मग एवढी काळजी कशाला? हा युक्तिवाद मला आळसाचा वाटतो. ऑइलपेंटचा डबा अनित्यता आणत नाही, आपण आणतो.

तेलाचे म्हणाल, तर विदर्भात घरोघरी जवस. जवसाचे तेल वाळून पापुद्रा धरते आणि वर्षागणिक काळवंडते. शेंगदाण्याचे वा खोबऱ्याचे तेल वाळतच नाही, चिकट राहून धूळ आणि उदबत्तीची काजळी धरून ठेवते. ओल्या फडक्याने पुसणे त्याहून वाईट. मऊ केसांचा कोरडा ब्रश पुरे. कोरीव केसांच्या वळ्यांत फडक्याचे धागे अडकतात, कधी ढलपीच निघते. झाकायला आमच्या बाजारातला मांजरपाट उत्तम, पण नव्या कापडाला खळ असते आणि खळीवर किडे येतात. आधी दोनदा धुऊन घ्यावे. प्लास्टिकमध्ये मात्र गुंडाळू नये, पावसाळ्यात आत बुरशी येते.

मूर्तीखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर आत किडा आहे असे समजावे. रॉकेल ओतू नये. मूर्ती वेगळी ठेवून जाणकाराला गाठावे. विहार कमिट्यांनी तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, विचारून यावे. गांधीबागेतून ते फार लांब नाही.

आमचा बुद्ध आता आतल्या खोलीत, कूलर आणि खिडकीपासून दूर आहे. उदबत्ती चार हात लांब लावतो. भेग मी पुन्हा भरली नाही. मे महिन्यात ती उघडते, श्रावणात जवळजवळ मिटते. सूनबाईंनी यंदा तेलाची वाटी आणली होती; ती मी दिव्यात ओतली.