तेरेखोलचा दिवा कुठे ठेवायचा?

नॉयर शैलीतली शीर्षके हल्ली आमच्याकडे ढिगाने येतात. वेबमालिका, लघुपट, रहस्यकथांची मुखपृष्ठे. बहुतेकांची घडण एकच: जाड अक्षर, काळी पार्श्वभूमी आणि खाली उजवीकडे सरकवलेली धूसर सावली. सॉफ्टवेअरने ज्या कोनात दिली, त्याच कोनात ठेवलेली. दिवा कुठे आहे, असे विचारले की समोरचा गप्प होतो. दिव्याची जागा ठरल्याशिवाय सावलीच्या अक्षराला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. देवनागरीत तर मुळीच नाही.

म्हणून या वेळच्या सरावासाठी एका काल्पनिक चित्रपटाचे शीर्षक देत आहोत: ‘तेरेखोल’. जागा या प्रकाराला साजेशीच आहे. पेडणे तालुक्यातला हा किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे नदी ओलांडून महाराष्ट्राला चिकटलेल्या गोव्याच्या तुकड्यावर. बांधला सावंतवाडीच्या भोसल्यांनी, १७४६ मध्ये घेतला पोर्तुगीजांनी. अलीकडे केरी, मध्ये फेरीबोट. सरहद्द, खाडीचे मुख आणि रात्र. पटकथेला आणखी काय लागते? गुरुदत्तच्या ‘जाल’मधला (१९५२) देव आनंदही कोळ्यांच्या ख्रिस्ती वस्तीत शिरलेला तस्करच होता, आणि कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा होता.

आता शब्द लिहून बघा. तीन मात्रा, तिन्ही शिरोरेषेवर. मात्रेचा फटकारा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतो. नेहमीची सावलीही त्याच दिशेने जाते. परिणाम असा की मात्रेची सावली मात्रेच्याच अंगाखाली दडते. जाडी येत नाही, लांबी तेवढी वाढते आणि तीही शिरोरेषेत बुडते. खालचे दंड मात्र सावलीने भरभक्कम झालेले असतात. शब्द खाली पहिलवान आणि वर काडीपहिलवान दिसू लागतो. बरे, सावली डावीकडे टाकली तर मात्रेला छान अंग येते, पण त ख ल यांचे पोट दंडाच्या डावीकडेच असल्यामुळे दंडाची सावली थेट पोटात शिरते आणि आतली पोकळी बुजते. मात्रेला सावली डावीकडे हवी, दंडाला उजवीकडे. रोमन अक्षरांवर बेतलेली तयार शैली इथे मोडते ती अशी.

यावर अक्षरे विरळ करणे हा उपाय आहे, पण शिरोरेषा ताणली जाऊन शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. आम्हाला पटणारा मार्ग वेगळा आहे. दिवा अक्षरांच्या मागे, जरा उंचावर ठेवा आणि सावल्या जमिनीवरून प्रेक्षकाकडे येऊ द्या. ‘डबल इंडेम्निटी’च्या (१९४४) श्रेयनामावलीत कुबड्या घेतलेला माणूस असाच काळ्या आकृतीसारखा आपल्या अंगावर चालत येतो. देवनागरीत या रचनेचा एक जादा फायदा होतो. शिरोरेषेची सावली पुढे आडव्या पट्टीसारखी पडते आणि मात्रांच्या सावल्या त्या पट्टीच्याही पुढे, सगळ्यांत लांबलचक. हॉलिवूडने खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून ज्या काळ्या रेघा काढल्या, त्यांतली एक आपल्याला लिपीच देते. फक्त र सांभाळा. त्याचे शेपूट जमिनीला टेकले नाही, तर सावली सुटून वेगळीच तरंगते. तो मुद्दाम लांबवावा लागेल.

तो पट्ट्यांचा पडदा इथे उसना आणू नका, ही आमची आग्रहाची विनंती. गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांतून उजेड गाळून, मऊ होऊन येतो. त्याची कडक रेघ पडत नाही. कडक उजेड हवा तर धक्क्यावरचा एकटा दिवा आहे, फेरीतून उतरणाऱ्या मोटारसायकलचा हेडलाइट आहे. एकच, लहान उगम. म्हणून सावलीची कडाही धारदारच हवी. धूसर कड म्हणजे ढगाळ दुपार. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांच्यासारख्यांना बहुधा निव्वळ काळ्या शाईत काम भागवावे लागे. ती सक्ती सरावापुरती स्वतःवर लादून घेतली, तर बिघडत नाही.

अक्षराचा काही भाग अंधारातच ठेवायचा असेल, तर काय गिळू द्यायचे याचाही विचार हवा. शिरोरेषा आणि दंड बहुतेक अक्षरांत सारखेच, ते अर्धे गेले तरी वाचणारा भरून काढतो. मात्रा गेली की शब्दच बदलतो. आणि ख चा खालचा सांधा अंधारात गेला, तर पडद्यावर ‘तेरेरवोल’ येईल! निर्मात्याला तो दोष पहिल्या खेळाच्या दिवशी कळतो.

‘कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’मध्ये (१९२०) सावल्या सरळ पडद्या-भिंतींवर रंगवल्या होत्या, तेव्हा दिवा खराच असला पाहिजे असा आमचा हट्ट नाही. अस्नोड्यात जन्मलेल्या रघुवीर मुळगावकरांनी अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे केली, तीही कल्पनेतल्या दिव्यावरच. पण चित्र काढणाऱ्याने तो दिवा कुठेतरी ठेवलेला असावा लागतो.

सरावाची पद्धत सोपी. जाड पुठ्ठ्यातून शब्द कापा, खाली पांढरा कागद अंथरा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च मागून फिरवत फोटो काढा. आवडलेल्या फोटोवरून रेखाटन करा. प्रवेशिका फक्त काळ्या-पांढऱ्यात पाठवा, राखाडी नको; आणि कागदाच्या पाठीमागे दिव्याची जागा फुलीने दाखवा. फुली नसलेल्या प्रवेशिका आम्ही बघणार नाही.