तीस गुणांची खिरापत

ठाण्यातल्या कोलशेत रस्त्यावर एके काळी सँडोज आणि बायरचे कारखाने होते. सँडोजचा रसायन विभाग १९९५ मध्ये वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. पुढे या जमिनी गृहप्रकल्पांकडे गेल्या. आता तिथल्या टॉवरांतली अकरावी-बारावीची मुले रसायनशास्त्र शिकतात, म्हणजे बहुतेक वेळ सीईटीचे प्रश्न सोडवतात. रसायनशास्त्राचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकले तरी वजावट नाही. मुलांना काय बोल लावायचा? हिशेब त्यांनी बरोबर केला आहे.

हिशेब चुकतोय तो आपला, शिकवणाऱ्यांचा. बारावीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. हे तीस आपण प्रसादासारखे वाटतो. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावली. अंगठे उमटले, ब्युरेट कोरडीच राहिली.

ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेटचे अनुमापन घ्या. फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत का तापवायचा, याचे एका ओळीचे उत्तर प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये आहे. पण तापवूनही पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग चटकन जात नाही. मुले गोंधळतात, काही जण तोच अंत्यबिंदू धरून थांबतात. धीर धरून फ्लास्क हलवत राहिले, की पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. अभिक्रियेतच तयार झालेले मँगनीज आयन आता तिचा वेग वाढवत असतात. स्वयंउत्प्रेरण डोळ्यांदेखत घडते आणि गतिकीचे अख्खे प्रकरण त्या दोन मिनिटांत जिवंत होते. ज्याने हे पाहिले, त्याला सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, हेही विचारावेसे वाटते. (क्लोराइडच परमँगनेट खाऊन टाकते आणि वाचन फुगते.) जर्नलमध्ये मात्र तिन्ही वाचने १०.०, सीबीआर (स्थिर ब्युरेट वाचन) १०.०, वर लाल शेरा. इतकी अचूकता आपल्यापैकी कुणाच्या हातून तरी साधते का?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, माणसे दगावली. उष्णता आणि अभिक्रियेचा वेग हा ठाणे जिल्ह्यात निव्वळ परीक्षेचा विषय नाही.

तुकड्या मोठ्या, प्रयोगशाळा सहायकांची पदे रिकामी, हे आम्ही जाणतो. तरीही बहिःस्थ परीक्षक म्हणून जाल तेव्हा दोन गोष्टी कराच. प्रत्येक गटाला वेगळ्या तीव्रतेचे द्रावण द्या. आणि ज्याचे वाचन चुकले पण का चुकले हे ज्याला सांगता आले, त्याला १०.० लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या.